वजनकाटा, वाटी आणि अंगावरचं दूध

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : बाळ खातं की नाही यापेक्षा काटा काय म्हणतो. उत्तरांत ‘लहान चमचा’ म्हणजे ५ मिली, ‘मोठा चमचा’ म्हणजे १५ मिली आणि ‘वाटी’ म्हणजे घरातली लहान, १५० मिलीची वाटी धरली आहे. तुमची वाटी केवढी आहे ते औषधाच्या मापाने एकदा मोजून ठेवा.

प्रश्न : माझी मुलगी आठ महिन्यांची आहे. जन्मवजन २.७ किलो. सहा महिने झाले तेव्हा ६.४, सातव्याला ६.६ आणि परवा ६.७ भरलं. अंगावर दिवसरात्र मिळून दहा-बारा वेळा पिते. शिवाय सकाळी नाचणीची पातळ पेज, दुपारी डाळीचं पाणी, संध्याकाळी सफरचंदाचा रस देते. सासूबाई म्हणतात, तुझं दूध आता पाणचट झालंय, ते तोड म्हणजे पोरगी भुकेने जेवेल. शेजारच्या बाळाचं बाळसं बघून मलाही तसंच वाटायला लागलंय.
— एक आई, भांडुप

उत्तर : आधी आकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात आठ महिन्यांच्या मुलींचं मधलं वजन ७.९ किलो आहे आणि ६.३ च्या खाली गेलं की ‘वजन कमी’ धरतात. तुमची मुलगी ६.७. माता-बाल संरक्षण कार्डावर मुलींचा गुलाबी तक्ता असतो, त्यात तिचा ठिपका हिरव्या पट्ट्यातच पडेल. ‘हे परदेशी मुलांचे आकडे’ असं कोणी म्हटलं तर सांगा की २००६ साली आलेला हा तक्ता ज्या सहा देशांतल्या अंगावर पिणाऱ्या बाळांवरून बेतला, त्यात भारतही होता.

पण एका ठिपक्यावर समाधान मानू नका, रेघ बघा. सहाव्या महिन्यात ती ज्या रेघेजवळ होती, ती धरून चालली असती तर दोन महिन्यांत साधारण ५०० ग्रॅम वाढली असती. वाढली ३००, त्यातही शेवटच्या महिन्यात फक्त १००. रेघ आडवी व्हायला लागली आहे. जीव टांगणीला लावण्यासारखं यात काही नाही, पण ‘होईल आपोआप’ म्हणून सोडण्यासारखंही नाही.

आता कारण. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही वेळांमध्ये खाणं असं नाहीच, तीन प्रकारचं पाणी आहे. बाळाच्या पोटात एका वेळी दर किलो वजनामागे साधारण ३० मिली मावतं; तुमच्या मुलीच्या पोटात २०० मिली. त्यातली १५० मिलीची जागा डाळीच्या पाण्याने अडवली तर डाळ राहिली भांड्याच्या तळाशी आणि बाळाच्या वाट्याला आलं हळदीचं गरम पाणी. तेवढंच, १५० मिली, तुमचं दूध प्यायली असती तर १०० कॅलरी मिळाल्या असत्या, कारण आईच्या दुधात १०० मिलीला ६५ ते ७० कॅलरी असतात. म्हणजे पाणचट काय असेल तर ते दूध नव्हे, वाटी आहे. दूध तोडलंत तर तिच्या दिवसभरातला सगळ्यात कसदार पदार्थच काढून घ्याल.

सासूबाईंचं एक मात्र अर्धं बरोबर आहे. सहा महिन्यांनंतर नुसतं अंगावरचं दूध पुरत नाही. ते पातळ होतं म्हणून नाही, बाळाची गरज वाढते म्हणून. सहा ते आठ महिन्यांत दिवसाला साधारण २०० कॅलरी वरच्या अन्नातून जायला हव्यात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, आणि वर्ष झाल्यावर ५५०. (दूध पहिल्या धारेला निळसर आणि पातळ दिसतं, स्तन रिकामा होत आला की घट्ट आणि पिवळसर. वाटीत काढून बघणाऱ्याला पहिली धार दिसते आणि तेवढ्यावर निकाल लागतो.)

या २०० कॅलरी भरायला वेगळा स्वयंपाक लागत नाही. घरचा कुकर लावताना भाताच्या डब्याशेजारी एक लहान डबा ठेवा. त्यात धुतलेले तांदूळ २ मोठे चमचे, सालाशिवायची मुगाची डाळ १ मोठा चमचा, लाल भोपळ्याच्या किंवा गाजराच्या दोन फोडी, चिमूटभर हळद आणि सव्वा वाटी पाणी. मीठ नाही. घरच्या भाताला लावता त्याहून दोन शिट्ट्या जास्त. उतरल्यावर गरम असतानाच पळीच्या पाठीने घोटा आणि वरून १ लहान चमचा तूप. तांदळाच्या साधारण ९०, डाळीच्या ४०, तुपाच्या ४५, म्हणजे पावणेदोनशेच्या आसपास कॅलरी. यात तिची दोन जेवणं निघतात.

दाटपणा पारखायला एकच खूण : चमचा भरून तिरका धरा. खिचडी चमच्यावर टिकून राहिली, मग सावकाश घसरली, तर बरोबर. पाण्यासारखी ओघळली तर अजून आटवा. गिळायला जड जाईल या धास्तीने वरून गरम पाणी ओतायची सवय असते. त्याऐवजी आणखी घोटा, किंवा थोडं तुमचंच दूध काढून घाला. तूप चांगलं म्हणून दोन-तीन चमचे घातलंत तर भूक मरते आणि डाळ-भात कमी जातो. एका जेवणाला अर्धा ते एक लहान चमचा पुरे.

दिवसाची बसवणी अशी करून बघा. सकाळी उठल्यावर दूध. नऊच्या सुमाराला दाट नाचणी किंवा रव्याची खीर, गोडीला कुस्करलेलं केळं. मग दूध आणि झोप. साडेबाराला खिचडी, पाऊण वाटी. दुपारच्या झोपेच्या आधी-नंतर दूध. सहाला पुन्हा खिचडी, किंवा वरणभात तुपात कालवून, किंवा पूर्ण उकडलेल्या अंड्याचा बलक रताळ्यात कुस्करून. रात्री मागेल तेव्हा दूध. जेवणाच्या आधीचा तासभर तेवढा अंगावर घेऊ नका, बाकी वेळांवर बंधन नको. दहा-बारा वेळांपैकी काही घोट नुसते लळ्याचे असतात. जेवण दाट झालं की तेच आपोआप कमी होतात, मोजून तोडावे लागत नाहीत. सफरचंदाचा रस बंद. सफरचंद द्यायचंच तर वाफवून, कुस्करून, सगळं.

आणि लोह. जन्मतः बाळ जो साठा घेऊन येतं तो सहा महिन्यांत संपत येतो आणि दुधात लोह अगदी थोडं असतं. लोह कमी पडलं की भूक मंदावते, भूक मंदावली की खाणं घटतं आणि लोह आणखी कमी पडतं. म्हणूनच अॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा, दर वेळी १ मिली देतात. जवळच्या पालिका दवाखान्यात किंवा अंगणवाडीत त्याची चौकशी करा. तिचे डॉक्टर आधीच लोहाचे थेंब देत असतील तर दोन्ही एकदम चालू करू नका. शी काळसर झाली तर दचकू नका, ते लोहामुळे होतं. ‘ड’ जीवनसत्त्वाचे रोजचे ४०० युनिट पहिल्या वर्षभर चालू ठेवायचे असतात. बऱ्याच घरांत ती बाटली तिसऱ्या महिन्यात संपते आणि पुन्हा आणायची राहते.

असं चार आठवडे करून त्याच काट्यावर वजन करा. २०० ग्रॅमच्या आसपास किंवा जास्त वाढलं तर वाट बरोबर आहे. तेवढं नाही वाढलं तर बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन हिमोग्लोबिन आणि लघवी तपासून घ्या. ताप नसतानाही लघवीतल्या जंतुसंसर्गाने बाळाचं वजन अडतं आणि तो वरून दिसत नाही. पिताना घाम येणं, धाप लागणं, वारंवार उलटी, शीतून रक्त, किंवा बाळ मलूल होऊन खेळेनासं झालं, तर मात्र चार आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं.

प्रश्न : सव्वीस आठवड्यांची रजा संपली. मुलगा सात महिन्यांचा, वजन ७.६. सकाळी आठला घर सोडते, संध्याकाळी सातला परत. पंपाने आधी एका वेळी १२० मिली दूध निघायचं, आता जेमतेम ६०. मुलगा दिवसा माझ्या आईकडे फारसं काही पीत नाही आणि रात्रभर मला चिकटून असतो. दूध आटत चाललंय का? आई पावडरचं दूध बाटलीने देऊ लागली आहे.
— कांदिवली ते चर्चगेट

उत्तर : वजन ठीक आहे. सात महिन्यांच्या मुलांचं मधलं वजन ८.३ आणि खालची मर्यादा ६.७, तो निवांत मध्ये आहे. रात्रभर पिणं म्हणजे त्याने दिवसाचा हिशेब रात्री लावला आहे; आई दिवसभर बाहेर असलेली पुष्कळ बाळं असंच करतात. तुमच्या झोपेचं खोबरं होतं हे खरं, पण दूध टिकायला तेच कारण आहे. रात्र सुसह्य करायची तर घरात पाय टाकल्या टाकल्या, चहाच्याही आधी, त्याला अंगावर घ्या आणि झोपताना पुन्हा एकदा दोन्ही बाजूंनी पाजा. संध्याकाळी दाट जेवण दिलं की बाळ रात्रभर झोपतं असं सर्रास सांगितलं जातं. त्याची खात्री आम्ही देणार नाही.

पंपाने किती निघतं यावरून दूध किती आहे ते कळत नाही. १२० वरून ६० वर आलं तर दुधाच्या आधी पंप तपासा. त्यातली सिलिकॉनची छोटी झडप रोजच्या वापराने दोन-तीन महिन्यांत सैल पडते. मोटरचा आवाज तसाच येतो, पण ओढ निम्मी होते. झडप बाजूने दाबून बघा. चीर उघडी राहत असेल तर नवी घाला, फार खर्चाची नसते. दुसरं म्हणजे नरसाळ्याचं माप. पंप चालू असताना स्तनाग्र नळीत मोकळं पुढे-मागे व्हायला हवं. भोवतीचा काळसर भागही आत ओढला जात असेल तर नरसाळं मोठं आहे, स्तनाग्र कडांना घासत असेल तर लहान.

दिवसात तीन वेळा काढा : अकराच्या सुमाराला, जेवणाच्या सुट्टीत आणि निघण्यापूर्वी. दर वेळी १५ ते २० मिनिटं. पंपानंतर दोन मिनिटं हाताने काढलं तर घट्ट दूध बाहेर येतं. अंगठा वर आणि बोटं खाली, स्तनाग्रापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे. आधी छातीच्या फासळ्यांकडे दाबा, मग अंगठा-बोटं एकमेकांकडे आणा, सोडा. बोटं कातडीवरून घसरवू नका. त्याने दुखतं आणि दूधही येत नाही. बाजू बदलत राहा.

बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळेत, नेहमीच्या सुट्टीखेरीज, दोन वेळा स्तनपानासाठी सुट्टी हा कायद्याने दिलेला हक्क आहे. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोयही हवी. वरिष्ठांशी बोलताना ‘जरा सवलत द्या’ असं म्हणू नका. हक्काच्या दोन सुट्ट्या कोणत्या वेळी घेणार ते लेखी कळवा आणि दार बंद होणारी खोली मागा. दूध काढायला स्वच्छतागृह ही जागा नव्हे. सरकारी कार्यालयांत आणि एसटी स्थानकांत हिरकणी कक्ष असतात, तशीच एखादी खोली तुमच्याकडेही निघू शकते.

साठवणीत मुंबईची हवा विसरून चालत नाही. काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं असं म्हणतात ते २५ अंशांच्या खोलीत. एप्रिल-मेमध्ये लोकलच्या डब्यात, पर्समध्ये, ते गृहीत धरू नका. काढल्याबरोबर फ्रिजमध्ये, दारातल्या कप्प्यात नव्हे, मागच्या बाजूला. घरी नेताना दोन गोठवलेले बर्फाचे पाऊच घातलेली पिशवी; पाऊच घट्ट असतील तोवर दूध सुरक्षित, आणि घरी पोचल्यावर लगेच फ्रिजमध्ये. तिथे चार दिवस टिकतं. ताजं कोमट दूध आधीच्या गार दुधात तसंच ओतू नका, गार करून मग मिसळा. वर सायीचा थर येतो, तो नासल्याची खूण नव्हे. भांडं हलकेच गोल फिरवलं की मिसळतो. द्यायच्या वेळी गरम पाण्याच्या भांड्यात बाटली उभी करा. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नका, एका ठिकाणी कढत आणि दुसरीकडे गार राहतं आणि तोंड भाजतं. उष्टं उरलेलं दोन तासांत संपवा, नाहीतर टाका. जिवावर येतं, पण टाका.

अकरा तासांत त्याला दोन घट्ट जेवणं, एक मधलं खाणं आणि अडीचशे-तीनशे मिली दूध पुष्कळ झालं. एकदम १५० मिली पुढे करू नका, ६० ते ९० चे घोट करा. बाटलीऐवजी लहान पेल्याने किंवा वाटी-चमच्याने द्यायला आईंना सांगा. सात महिन्यांचं बाळ पेल्याने नीट पितं, आणि बाटलीच्या बुचातून सहज वाहणाऱ्या दुधाची सवय लागली की अंगावर ओढायचा कंटाळा करतं.

पावडर कधी लागलीच तर एक गोष्ट आईंसमोर बसून करून दाखवा. आधी उकळून कोमट केलेलं पाणी मोजायचं, मग डब्यातल्याच चमच्याने, सपाट करून, डब्यावर लिहिलं असेल तेवढी पावडर. ‘जड पडेल’ म्हणून एक चमचा कमी, किंवा ‘अंगाला लागेल’ म्हणून शीग भरून, दोन्ही चूक. पातळ दुधाने बाळाचं पोट भरतं आणि वजन अडतं. घट्ट दुधाने शरीरातलं पाणी कमी होतं आणि शी कडक होते.

प्रश्न : आम्ही तीन मुलं वाढवली. चौथ्या महिन्यात उष्टावण, जिभेवर मध, गाईचं दूध, वरणात चिमूट मीठ. सून सगळ्यालाच नाही म्हणते. नातू साडेपाच महिन्यांचा आहे. नाचणीचं सत्त्व तरी घरी करू ना? पावसात ते धड वाळत नाही.
— एक आजी, गिरगाव

उत्तर : आजी, सत्त्व जरूर करा, आणि उष्टावण सहा महिने पुरे झाल्यावर करा. पंधराच दिवस तर राहिलेत. मान धरून, टेकू देऊन बसतो का, आणि चमचा ओठाला लावला की जीभ बाहेर ढकलत नाही ना, एवढं त्या दिवशी बघा. मधाबद्दल सून बरोबर आहे. मधात एका जंतूची बीजं असू शकतात. मोठ्यांच्या पोटात ती निरुपद्रवी ठरतात, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं. गाईचं दूध प्यायला वर्षानंतर. त्यात लोह नगण्य असतं, आणि एवढ्या लहान आतड्यातून त्यामुळे नजरेला न दिसणारा रक्तस्रावही होऊ शकतो. दह्याचा एखादा चमचा सहा महिन्यांनंतर चालतो. मीठ वर्षापर्यंत नको, साखर दोन वर्षांपर्यंत.

सत्त्वासाठी पाव किलो नाचणी. खडे निवडून चार पाण्यांनी धुवा, आठ-दहा तास भिजवा, मध्ये एकदा पाणी बदला. पंच्यात बांधून टांगा आणि पंचा ओलसर ठेवा. चोवीस ते छत्तीस तासांत पांढरे बारीक मोड दिसले की थांबा; लांब मोड आले की चव कडवट होते. पावसाळ्यात सारी मेख वाळवण्यात आहे. ढीग न करता सुती कापडावर एकाच थरात पसरून पंख्याखाली ठेवा, दर दोन तासांनी हात फिरवा. दुसऱ्या दिवशीही दाणा दमट लागला तर कढईत अगदी मंद आचेवर, हाताला सोसेल इतपत, कोरडा होईपर्यंत परता. आंबूस वास किंवा पांढरी जाळी दिसली तर सगळं टाका. भाजून बुरशी गेली तरी तिचं विष जात नाही. दळून मैद्याच्या चाळणीने एकदाच चाळा. वस्त्रगाळ करू नका, टरफलाबरोबर कॅल्शियमही निघून जातं. पावसाळ्यात पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये.

मोड आणण्याची खुबी अशी की दाणा उगवताना त्यात एक पाचक रस तयार होतो. तो पिठातला स्टार्च तोडतो, म्हणून मोडाच्या पिठाची खीर फार दाटत नाही. साध्या पिठाचा एक मोठा चमचा पाऊण वाटी पाण्यात गोळा होईल, मोडाचे दोन घालूनही घोटता येतील. तेवढ्याच वाटीत दुप्पट धान्य बसलं. तांदळाची किंवा रव्याची खीर फारच घट्ट झाली तरी पाणी घालू नका. ती बोटाला जरा गरम लागेल इतपत निवू द्या, अर्धा लहान चमचा मोडाचं पीठ ढवळा, पाच मिनिटांत सैल होईल, मग पुन्हा एक उकळी काढा. यासाठी राखून ठेवायचं पीठ मात्र फार भाजलेलं नको. जास्त आचेने तो रस मरतो आणि नुसती खमंग नाचणी उरते.

प्रश्न : दर रविवारी मी बाळाला घेऊन घरच्या काट्यावर उभा राहतो आणि माझं वजन वजा करतो. ८.४, मग ८.१, मग ८.६. बायकोचा रविवार रडण्यात जातो.
— एक बाबा, मुलुंड

उत्तर : काटा बंद करा. मोठ्यांच्या काट्यावर १०० ग्रॅम इकडे-तिकडे सहज होतात, आणि तुम्ही दोनदा वजन करून वजाबाकी करता म्हणजे चूकही दोनदा शिरते. भरलेला डायपरच दीडशे-दोनशे ग्रॅमचा असू शकतो. पोटभर दूध प्यायल्यावर तेवढंच आणखी. सहा महिन्यांनंतर बाळ आठवड्याला पन्नास-शंभर ग्रॅमच वाढतं, ते या गोंधळात दिसणारच नाही. महिन्यातून एकदा, लस घेता त्याच दवाखान्यात, बाळाच्या तागडीवर, पूर्ण उघडं, पाजण्याआधी, आणि आकडा शून्यावर आहे हे बघून वजन करा. लांबीही झोपवून मोजून घ्या. वजन कमी पण लांबीच्या मानाने बरोबर असेल तर प्रश्न वेगळा, लांबीच्या मानानेही कमी असेल तर वेगळा. दंडाचा घेरही सांगतो : सहा महिन्यांनंतर १२.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर दाखवा, ११.५ च्या खाली असेल तर त्याच दिवशी.

प्रश्न : दहा महिन्यांची मुलगी मोबाइल लावल्याशिवाय तोंड उघडत नाही. सगळं मिक्सरमधून काढून देते, जरा कण लागला की ओकारी काढते.
— वडाळा

उत्तर : ओकारी आणि गुदमरणं यांत फरक करा. ओकारीत आवाज येतो, चेहरा लाल होतो, घास पुढे येतो. ती बाळाची स्वतःची राखण आहे. आवाजच बंद झाला, चेहरा निळसर पडू लागला, तर ते गुदमरणं, आणि तिथे क्षणाचाही वेळ घालवायचा नाही. नऊ-दहा महिन्यांपर्यंत कण तोंडात आलेच नाहीत तर जीभ चावायला शिकत नाही आणि पुढे जास्त हट्ट होतो. मिक्सर एका दिवसात बंद करू नका. पहिले चार दिवस मिक्सरच्या खिचडीत एक चमचा हाताने घोटलेली मिसळा, मग दोन, मग अर्धी. पंधरवड्यात मिक्सर फडताळात जाईल. शेजारी बोटाने दबेल अशी गाजराची उकडलेली लांब फोड, इडलीचा तुकडा, पिकलेलं केळं तिच्या ताटलीत ठेवा. सांडू द्या. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्ष, डाळिंबाचे दाणे अजिबात नकोत.

मोबाइल लावून जेवणारं बाळ गिळतं, पण पोट भरल्याचं त्याला कळत नाही. तसंच भूक लागल्याचंही. बंद केल्यावर पहिले तीन-चार दिवस खाणं घटेल, ते धरूनच चाला. वीस-पंचवीस मिनिटं, मग ताट उचलायचं. नाक दाबून, मांडीत आवळून घास कोंबलात तर पुढच्या वेळी चमचा दिसताच मान फिरेल, आणि तो राग जायला महिने लागतात. मधल्या वेळी दुधात बुडवलेलं बिस्कीट देत असाल तर तेही थांबवा. तिची संध्याकाळची भूक कुठे जाते ते तिथेच सापडेल.

थोडक्यात

मासे कधी? (वरळी) — सहा महिने झाल्यावर, पहिल्याच महिन्यात चालतात. पापलेट किंवा रावस, हळद लावून वाफवलेला, बोटांनी दोनदा चाचपून काटा काढलेला, भातात कुस्करून. सुका बोंबील नको, मीठ फार. घरात आई-बाबांना किंवा भावंडाला माशाची अॅलर्जी असली तरी आपणहून वर्षभर लांबवू नका, डॉक्टरांना विचारून सुरुवात करा.

मी अळीव आणि डिंकाचे लाडू खाते तरी दूध वाढत नाही. (परळ) — दूध वाढतं ते स्तन रिकामा होण्याने. लाडू तुमच्यासाठी आहेत, आणि ते हवेतच : पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज ६०० आणि पुढचे सहा महिने ५२० कॅलरी जास्त लागतात. फक्त लाडू खाऊन दुपारचं जेवण टाळू नका.

मुलगा सात आठवडे आधी जन्मला, आता सात महिन्यांचा. तक्त्यात फार खाली दिसतो. (घाटकोपर) — तक्त्यावर त्याचा ठिपका सात महिन्यांवर नव्हे, साडेपाचच्या अलीकडे द्या. दोन वर्षांपर्यंत असंच दुरुस्त वय धरायचं. वरचं अन्न कधी सुरू करायचं आणि लोहाचा डोस किती, हे मात्र त्याला जन्मापासून बघणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचं, कारण अशा बाळांना लोह खूप आधीपासून आणि वेगळ्या मापाने लागतं.

जुलाबाने नऊ महिन्यांच्या मुलीचं अर्धा किलो वजन गेलं, सगळे म्हणतात पोटाला आराम दे. (कुर्ला) — आराम नको. अंगावरचं दूध चालूच, नेहमीपेक्षा जास्त वेळा. प्रत्येक पातळ शीनंतर ओआरएस चमच्याचमच्याने, पूर्ण पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात एकदम कालवून. अर्धं पाकीट अंदाजे पाण्यात नको. झिंक रोज २० मिलिग्रॅम, जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण. डोळे खोल गेले, सहा तास लघवी नाही, किंवा शीमध्ये रक्त दिसलं तर थेट रुग्णालय. बरी झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्या. आजारातून उठलेलं बाळ त्या दिवसांत अधाशासारखं खातं, तेव्हा हात आखडू नका.